हँगरमधून बाहेर आलेलं विमान: टेस्ट फ्लाइटबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात विमानाच्या सी-चेकबद्दल लिहिलं होतं, म्हणजे काही आठवडे विमान हँगरमध्ये उघडून ठेवतात ती मोठी तपासणी. त्यावर आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीबद्दल आहेत, की काम संपल्यावर पहिल्यांदा विमान वर नेतात तेव्हा नेमकं काय होतं आणि अनुभवी पायलटसुद्धा तिथे का चुकतात. हँगरमध्ये बरीच वर्षं काम केल्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त यावरच लिहितोय.

प्रश्न: सर, मी घाटकोपरला राहतो. २०१८ मध्ये आमच्या इथे जे छोटं विमान पडलं ते टेस्ट फ्लाइटवर होतं असं वाचलं. गाडी गॅरेजमधून घेताना मेकॅनिक एक राउंड मारून देतो, टेस्ट फ्लाइट म्हणजे तेच ना? मग त्यात एवढा धोका कसा?

तारीख २८ जून २०१८. किंग एअर सी-९० जातीचं, दोन इंजिनांचं ते विमान जुहूहून उडालं होतं. आत दोन पायलट, एक इंजिनिअर आणि एक टेक्निशियन. ते चौघंही गेले आणि खाली रस्त्यावरून चाललेला एक माणूसही गेला. विमान बरीच वर्षं जमिनीवरच होतं आणि दुरुस्तीनंतर ते तपासायला वर नेलं होतं, तेही भर पावसाळ्यात. तपासात निघालं ते असं, की विमान कमी उंचीवर स्टॉल झालं आणि क्रूला ते सावरता आलं नाही.

आता तुमच्या गॅरेजच्या राउंडबद्दल. गाडीत काही गडबड वाटली तर मेकॅनिक बाजूला घेऊन थांबतो, विमानाला ती सोय नाही, हे तर झालंच. पण त्याहून मोठा फरक असा की मोठ्या टेस्ट फ्लाइटमध्ये पायलट मुद्दाम अशा गोष्टी करतो ज्या रोजच्या फ्लाइटमध्ये तो जन्मात करणार नाही. स्टॉलच्या अगदी जवळ जाईपर्यंत स्पीड कमी करणं, हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबाने कंट्रोल हलवणारी यंत्रणा) बंद करून कंट्रोल हलतात का बघणं, एखादं इंजिन बंद करून परत चालू करणं असले प्रकार. हजारो तास उडवलेला कॅप्टनसुद्धा यातलं बरंचसं फक्त सिम्युलेटरमध्ये केलेला असतो, आणि इथे तर ज्या विमानावर करायचं त्याचीच खात्री झालेली नसते, खात्री करायलाच तर वर गेलेत.

स्टॉलचं थोडं सांगतो कारण पुढे परत परत येणार आहे. स्टॉलमध्ये इंजिनं चालूच असतात, पण स्पीड फार कमी झाला आणि नाक फार वर गेलं की पंखावरून नीट वाहणारी हवा सुटते आणि पंख विमानाला उचलून धरत नाही. उपाय साधा आहे, नाक खाली करा, स्पीड येऊ द्या. पण नाक खाली केलं की उंची जाते, आणि तीच हाताशी नसेल तर उपाय माहीत असून काही उपयोग नाही. म्हणून घाटकोपरच्या बातमीत सगळ्यात आधी माझ्या डोळ्यात भरले ते 'कमी उंची' हे शब्द.

काही वाचकांनी त्याच्या आदल्या दिवशी, २७ जूनला, निफाड तालुक्यात पडलेल्या सुखोईबद्दलही विचारलंय. तेही टेस्टवरच होतं पण ते एच.ए.एल.चं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, नवीन, हवाई दलात अजून न गेलेलं विमान होतं आणि दोन्ही पायलट इजेक्ट करून वाचले. नव्या विमानाची टेस्ट आणि मेन्टेनन्सनंतरची टेस्ट यांची गल्लत करू नका. नवं लढाऊ विमान तपासायला खास शिकलेला टेस्ट पायलट असतो, मेन्टेनन्सनंतर मात्र बऱ्याचदा नेहमीचा लाइन पायलटच बसतो आणि माझ्या मते प्रॉब्लेम तिथूनच सुरू होतो.

प्रश्न: पेर्पिन्याँच्या अपघाताबद्दल सविस्तर सांगाल का? इंटरनेटवर कोणी म्हणतं सेन्सर गोठले, कोणी म्हणतं पायलटची चूक. नक्की काय? (एक वाचक, पुणे)

दोन्ही खरंय, आणि दोन्ही एकत्र आलं म्हणूनच अपघात झाला. हा अपघात मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे कारण टेस्ट फ्लाइटमध्ये जे जे चुकू शकतं ते जवळजवळ सगळं यात आहे.

२७ नोव्हेंबर २००८, फ्रान्सच्या दक्षिणेचं पेर्पिन्याँ. एअरबस ए-३२०. विमान एअर न्यूझीलंडच्या मालकीचं, लीजवर एक्स.एल. एअरवेज जर्मनीकडे होतं, लीज संपली म्हणून परत द्यायचं होतं. त्यासाठी तिथल्या वर्कशॉपमध्ये मेन्टेनन्स झाला, एअर न्यूझीलंडच्या रंगात रंगवून झालं. आत सात जण होते: जर्मन कंपनीचे दोन पायलट, आणि न्यूझीलंडचे पाच, त्यात एक पायलट, तीन इंजिनिअर आणि एक तिथल्या विमान प्राधिकरणाचा माणूस.

फ्लाइटच्या तीन दिवस आधी, रंगवण्यापूर्वी धूळ काढायला म्हणून विमान पाण्याने धुतलं. धुताना नाकाजवळच्या अँगल ऑफ अटॅक सेन्सरना, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणाऱ्या सेन्सरना, कव्हर लावायचं असतं, प्रोसीजरमध्ये तसं लिहिलेलं आहे, ते केलं नाही. पाणी आत गेलं, आणि विमान वर गेल्यावर थंडीत तीनपैकी दोन सेन्सर गोठून जागच्या जागी अडकले, दोन्ही जवळपास एकाच आकड्यावर. कॉम्प्युटर तीन सेन्सरची तुलना करतो, दोन सारखं सांगतायत आणि एक वेगळं तर वेगळा चुकीचा, म्हणून त्याने चांगला सेन्सरच बाजूला टाकला. इथपर्यंत पायलटचा काही दोष नाही, त्यांना हे कळायला काही मार्गच नव्हता.

आता पुढचं बघा. चेक करायचे त्यात एक लो-स्पीड चेक होता, म्हणजे स्पीड कमी कमी करत न्यायचा आणि एअरबसचं स्टॉलपासून वाचवणारं प्रोटेक्शन आपोआप लागतं का ते बघायचं. तो १४,००० फुटांवर करायचा असं प्रोग्राममध्ये होतं. पण ज्या एअरस्पेसमध्ये इतर नेहमीची विमानं चालू असतात तिथे अशा टेस्टसाठी आधीपासून ठरवून परवानगी लागते, ती यांनी घेतलेली नव्हती, म्हणून कंट्रोलरने नाही म्हटलं. मग फ्लाइट छोटी करायची ठरली. इथे खरं तर दोनच बरोबर पर्याय होते, एक तर परत उतरा आणि नीट परवानगी घेऊन दुसऱ्या दिवशी या, नाहीतर जे चेक उरले ते सोडून द्या. यांनी तिसरंच केलं, जमतील तसे चेक वाटेत उरकायला घेतले. क्रम ठरलेला नाही, पुढे काय करायचंय यावर आधी दोघा पायलटचं नीट बोलणं नाही, आणि मागच्या सीटवरचा तिसरा पायलट पुढचा चेक सुचवतोय.

लो-स्पीड चेक शेवटी झाला तो लँडिंगसाठी खाली येताना, साधारण ३,००० फुटांवर, चाकं खाली, फ्लॅप (कमी स्पीडला पंखाची उचल वाढवणाऱ्या पट्ट्या) बाहेर. कॅप्टन स्पीड कमी करत गेला आणि प्रोटेक्शन लागायची वाट बघत राहिला, ते लागणारच नव्हतं कारण सेन्सर गोठलेले. चेक सुरू करायच्या आधी 'अमुक नॉटला (नॉट म्हणजे विमानाचा स्पीड मोजायचं एकक) प्रोटेक्शन लागलं पाहिजे, नाही लागलं तर तिथेच थांबायचं' असा आकडा ठरवून तो मोठ्याने बोलायचा असतो, तो आकडा तिथे कोणी धरून बसलेलं नव्हतं. स्पीड १०० नॉटच्या आसपास आला तेव्हा स्टॉलची वॉर्निंग वाजली.

कॅप्टनने पॉवर दिली, नाक खाली दाबलं, म्हणजे शिकवल्याप्रमाणेच केलं. पण स्पीड कमी होत असताना नाकाचा तोल आपोआप साधणाऱ्या ऑटो-ट्रिमने मागचा आडवा पंख, स्टॅबिलायझर, पूर्ण नाक-वर अशा बाजूला नेऊन ठेवला होता, आणि या गडबडीत कॉम्प्युटर डायरेक्ट लॉमध्ये गेला, म्हणजे आपोआप होणारी मदत बंद होऊन कंट्रोल थेट पायलटच्या हातात आले. त्या अवस्थेत ऑटो-ट्रिम बंद असतो, पायलटने कॉकपिटमधलं ट्रिमचं चाक हाताने फिरवायचं असतं, स्क्रीनवर तसा मेसेजही आला होता. ते चाक कोणी फिरवलं नाही. फुल पॉवर आणि पूर्ण नाक-वर ट्रिम, विमान ५० अंशांहून जास्त उभं झालं, स्पीड संपला आणि पेर्पिन्याँजवळच्या काने गावाच्या किनाऱ्यासमोर समुद्रात पडलं. वॉर्निंगपासून साधारण मिनिटभरात सगळं झालं. सातही जण गेले. न्यूझीलंडमध्ये तेव्हा २८ नोव्हेंबर उजाडला होता, आणि १९७९ साली त्याच तारखेला एअर न्यूझीलंडचं विमान अंटार्क्टिकाच्या माउंट एरेबसवर आदळून २५७ माणसं गेली होती. त्या देशाला ही बातमी कशी लागली असेल याची कल्पना करा.

फ्रान्सच्या तपास यंत्रणेचा रिपोर्ट २०१० मध्ये आला आणि त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की अशा फ्लाइटसाठी क्रू कोण असावा, त्याचं ट्रेनिंग काय असावं याचे वेगळे नियमच तेव्हा नव्हते. ज्या दोघांना बसवलं त्यांना हे काम कोणी शिकवलेलंच नव्हतं. म्हणून 'पायलटची चूक' एवढंच म्हणून सोडून देणाऱ्यांचा मला राग येतो.

प्रश्न: सर, मी नागपूरला ए.एम.ई. (विमान मेन्टेनन्स इंजिनिअरिंग) करतेय, मिहानमध्ये ट्रेनिंगला जायची इच्छा आहे. मॅडम म्हणाल्या की टेस्ट फ्लाइटचे निम्मे प्रॉब्लेम पायलट आणि इंजिनिअर यांच्या बोलण्यात असतात. एखादं उदाहरण मिळेल का?

तुझ्या मॅडमनी एकदम बरोबर जागी बोट ठेवलंय. तुझ्यासाठी दोन उदाहरणं देतो, दोन्ही पाठ करून ठेव.

पहिलं इझीजेट या ब्रिटिश कंपनीच्या बोईंग ७३७ चं. १२ जानेवारी २००९, म्हणजे पेर्पिन्याँनंतर दीड-दोन महिन्यांत, आणि इथेही लीज संपून विमान परत द्यायचं होतं. मेन्टेनन्सच्या आधी एक फ्लाइट झाली, त्यात कॅप्टनला दिसलं की हायड्रॉलिक्स बंद केल्यावर एलेव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीचा, ट्रिम थोडा हललेला आहे. हा स्नॅग, म्हणजे बिघाड, त्याने वर्कशॉपच्या लोकांना तोंडी सांगितला. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत, तो नीट लिहिला गेला नाही, आणि सांगण्या-ऐकण्यात दिशा उलटी झाली, त्यामुळे एलेव्हेटरवरची छोटी पट्टी, बॅलन्स टॅब, जिकडे हलवायचा त्याच्या बरोब्बर उलट हलवला गेला. मेन्टेनन्सनंतर परत तोच चेक. १५,००० फुटांवर हायड्रॉलिक्स बंद केले आणि विमानाने नाक खाली टाकलं. दोघं पायलट कंट्रोल ओढून धरतायत तरी विमान खालीच, एका क्षणी खाली जायचा वेग मिनिटाला २०,००० फुटांच्या वर गेला, आणि सावरलं तेव्हा ६,००० फूटही उरले नव्हते. आत चौघं होते, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. आता हाच चेक कोणी वेळ वाचवायला म्हणून ५,००० फुटांवर केला असता तर?

तू इंजिनिअर होणार आहेस म्हणून सांगतो. पायलट हँगरमध्ये येऊन चहा पिता पिता 'जरा जड वाटतंय' म्हणाला तर ऐकून घे, पण त्याच्या हातात टेक लॉग दे आणि त्याच्याकडूनच लिहून घे, कुठल्या बाजूला, किती, किती स्पीडला, फ्लॅप कुठे होते. आणि त्याला वाचून दाखव. वरिष्ठ कॅप्टन असला तरी दाखव. वाईट वाटलं तर वाटू दे.

दुसरं उदाहरण कझाकस्तानच्या एअर अस्तानाचं. एम्ब्राएर १९०, ११ नोव्हेंबर २०१८, पोर्तुगालमध्ये सी-चेक संपवून घरी निघालेलं, आत सहा जण. चेकमध्ये एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या) केबल उलट्या जोडल्या गेल्या होत्या, म्हणजे डावीकडे वळवलं की विमान उजवीकडे कलायचं. मेन्टेनन्सच्या काळात फ्लाइट कंट्रोलचा मेसेज येत होता, त्यावर बरेच दिवस शोधाशोधही झाली पण मूळ कारण सापडलं नाही. मग उडायच्या आधी कॉकपिटमध्ये कंट्रोल चेक असतो, तिथे हे पकडायची शेवटची संधी होती, तिथेही निसटलं. ढगांत शिरल्यावर विमान अक्षरशः हातातून गेलं, क्रूने समुद्रात उतरायचीही तयारी केली होती. शेवटी कंट्रोलचा मोड बदलून थोडा ताबा मिळाला, पोर्तुगालच्या हवाई दलाची एफ-१६ विमानं सोबतीला आली आणि बेजाच्या धावपट्टीवर तिसऱ्या प्रयत्नात उतरले. सगळे वाचले, विमान मात्र परत उडालं नाही.

असंच फ्रँकफर्टला मार्च २००१ मध्ये लुफ्तान्साच्या ए-३२० चं झालं होतं आणि तिथे तर विमानात प्रवासी होते. कॅप्टनच्या साइडस्टिकची, म्हणजे विमान वळवायच्या हातातल्या दांड्याची, वायरिंग मेन्टेनन्समध्ये उलटी झाली होती, टेकऑफला विमान डावीकडे कललं, कॅप्टनने उजवीकडे केलं तर अजूनच डावीकडे गेलं, पंखाचं टोक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आलं. को-पायलटने आपल्या बाजूने कंट्रोल घेतला म्हणून वाचले, त्याची साइडस्टिक ठीक होती.

अस्ताना आणि फ्रँकफर्ट, दोन्हीकडे कंट्रोल चेक झालेला होता हे लक्षात घे. रोजच्या सवयीत आपण बघतो की स्क्रीनवर पट्टी हलली का, हलली, झालं. ती कुठल्या दिशेने हलली हे बघणं हाच तो चेक आहे. डावीकडे वळवलं तर डावा एलेरॉन वर आणि उजवा खाली, हे पायलटने आत बघायचं आणि कंट्रोलवर काम झालेलं असेल तर बाहेर खाली उभ्या माणसाने इंटरकॉमवर ओरडून सांगायचं. रोज शंभर वेळा बरोबर आलेली गोष्ट माणूस एकशे एकाव्या वेळी बघतच नाही, आणि हँगरमधून विमान नुकतंच बाहेर येतं तेव्हा नेमकी तीच वेळ असते.

प्रश्न: पण स्टॉल टेस्ट अनुभवी पायलटला जड का जावी? सगळ्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवतात ना? (निवृत्त शिक्षक, सांगली)

शिकवतात, पण बहुतेक वेळा स्टॉलची वॉर्निंग आली की लगेच सावरायचं एवढंच. पूर्ण स्टॉलमध्ये गेलेलं मोठं विमान खरोखर कसं वागतं हे फार थोड्या पायलटनी अनुभवलेलं असतं. २२ डिसेंबर १९९६ ला अमेरिकेत एअरबोर्न एक्सप्रेसचं डीसी-८ मालवाहू विमान मोठ्या दुरुस्तीनंतर टेस्टला निघालं, नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोहून. उशीर होत होत अंधार पडला तरी निघाले, वर ढग, क्षितिज दिसत नाही. साधारण १४,००० फुटांवर स्टॉल टेस्ट सुरू केली. स्टॉल जवळ आला की कंट्रोल थरथरवून सांगणारा स्टिक शेकर बंद होता. उडवणाऱ्या पायलटने सावरताना नाक पुरेसं खाली केलं नाही, शेजारी बसलेल्या, फ्लाइटची जबाबदारी असलेल्या पायलटने ते वेळेत दुरुस्त केलं नाही, आणि विमान व्हर्जिनियातल्या नॅरोजजवळ डोंगरावर पडलं. सहा जण गेले, त्यात तिघे टेक्निकल स्टाफचे. अमेरिकन तपासणीत पायलटच्या चुकीबरोबरच कंपनीकडे अशा फ्लाइटचा ठरलेला प्रोग्राम नव्हता हेही कारण म्हणून लिहिलंय, आणि सिम्युलेटरमध्ये स्टॉल खऱ्यापेक्षा सौम्य वाटायचा हेही.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. ७ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेतल्या युटामध्ये हॉकर ९०० जेट असंच मेन्टेनन्सनंतरच्या स्टॉल चेकमध्ये पडलं, दोन्ही पायलट गेले. त्या विमानाच्या पंखाची पुढची कड काढून परत बसवली की स्टॉल चेक करावाच लागतो, आणि मॅन्युअल सांगतं की तो जमिनीपासून १०,००० फुटांच्या वर करा, ढगांच्या बऱ्याच वर करा, ऑटोपायलट बंद ठेवा आणि ज्याला याचा आधीचा अनुभव आहे अशा पायलटनेच करा. यातली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी जिवावर लिहिली गेलीय असं मी मानतो.

प्रश्न: मग जमिनीवरच सगळ्या टेस्ट करून टाकल्या तर? (नाशिक)

बऱ्याच होतातही, पण प्रोसीजर मोडली तर जमीनही वाचवत नाही. १५ नोव्हेंबर २००७, फ्रान्समधलं तुलूझ, एतिहाद या विमान कंपनीला द्यायचं नवं कोरं ए-३४०, इंजिनं ग्राउंड रनला, म्हणजे जमिनीवरच चालवून बघायला, लावलेली. चारही इंजिनांना एकदम जास्त पॉवर, चाकांना चॉक्स (अडवणी) नाहीत, फक्त ब्रेकवर भरवसा. विमान सुटलं आणि समोरच्या काँक्रीटच्या भिंतीवर चढलं. आतली काही माणसं जखमी झाली, विमान भंगारात गेलं.

प्रश्न: दादा, माझा मुलगा विमान कंपनीत इंजिनिअर आहे. मेन्टेनन्सनंतर कधी कधी तोही विमानात बसून वर जातो म्हणे. घाटकोपरला जी इंजिनिअर मुलगी गेली तिची बातमी वाचल्यापासून मला झोप लागत नाही. त्याने जावं की नाही? (डोंबिवली)

ताई, तुमची काळजी मला समजते आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. घाटकोपरला दोघे, पेर्पिन्याँला तिघे, नॅरोजला तिघे, सगळे मेन्टेनन्सचे आणि टेक्निकल लोक. पण आधी हे लक्षात घ्या की बहुतांश मेन्टेनन्सनंतर टेस्ट फ्लाइट लागतच नाही, काम तपासून, सह्या होऊन विमान सरळ प्रवासी घेऊन जातं. ज्या थोड्या फ्लाइट होतात त्यातल्याही बऱ्याच साध्या असतात.

आमच्या पिढीत एक समज होता की इंजिनिअर सोबत आला म्हणजे त्याला स्वतःच्या कामाचा भरवसा आहे. मला हा समज कधीच पटला नाही. इंजिनिअर विमानात असावा तो त्याला वर काही ठरलेलं काम असेल तरच, एखादं रीडिंग घ्यायचं असेल, एखादा आवाज ऐकून जागा शोधायची असेल. भरवसा दाखवायला नव्हे. युरोपमध्ये २०१९ पासून नियम असा आहे की अशा फ्लाइटचे दोन लेव्हल, ए आणि बी. ज्यात मुद्दाम सिस्टीम बंद करून बघायची किंवा इमर्जन्सी प्रोसीजर वापरायची शक्यता असते ती लेव्हल ए, तिला खास ट्रेनिंग झालेला पायलट लागतो, आणि दोन्ही प्रकारांत कामाशिवाय कोणी आत बसायचं नाही. २००८ चा अपघात, २०१९ चा नियम, एवढा वेळ लागला याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या मुलाने जाऊ नये असं मी म्हणत नाही, पण चढण्याआधी त्याने कॅप्टनच्या ब्रीफिंगला बसावंच. चेकचा छापील शीट आहे का, प्रत्येक चेकची कमीत कमी उंची त्यावर आहे का, कुठल्या आकड्याला थांबायचं ते ठरलंय का, ए.टी.सी.कडून (हवाई वाहतूक नियंत्रणाकडून) आधी परवानगी घेतलीय का, आणि अंधार किंवा ढग असतील तर उद्यावर ढकलायची तयारी आहे का, हे त्याने विचारावं. 'वर गेल्यावर बघू' असं उत्तर आलं तर त्याने खाली उतरावं, विमान उद्या द्यायचंय म्हणून कोणी घाई केली तरी. आणि घरी आल्यावर त्याला एवढं विचारा, की कंपनीच्या मॅन्युअलमध्ये टेस्ट फ्लाइटचं वेगळं चॅप्टर आहे का. असेल तर विमानात कोण बसू शकतं ते त्यात लिहिलेलं असतं, त्याने ते पान काढून तुम्हालाही वाचून दाखवावं. आणि तसं चॅप्टरच नसेल तर ते बनवा अशी लेखी मागणी त्याने क्वालिटी डिपार्टमेंटकडे करावी, तेही त्याच्या कामातच येतं.